डेम्लो स्टेशनचा जिना

कागद घ्या आणि त्यावर नऊ वेळा एक लिहा: १११११११११. आता या संख्येला तिनंच गुणा. पद्धत चौथीतलीच. एका ओळीखाली दुसरी ओळ, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवायची आणि शेवटी बेरीज. पाढा लागतो तो फक्त एकाचा. हातचा कुठेच येत नाही. पाचेक मिनिटांत उत्तर हाती पडतं:

१२३४५६७८९८७६५४३२१

हाच गुणाकार संगणकावरच्या स्प्रेडशीटला सांगितला, तर ती १२३४५६७८९८७६५४३०० असं उत्तर देते. शेवटचे दोन अंक गायब! स्प्रेडशीट पंधरा अंकच जपते, पुढच्या जागी शून्यं भरते. कितीतरी प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये शेवट ३२१ ऐवजी ३२० असा येतो. तिथे नेहमीच्या पद्धतीनं साठवलेल्या संख्या ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, म्हणजे दोनाच्या ५३व्या घातापर्यंत, नेमक्या राहतात. त्यापुढच्या टप्प्यात फक्त सम संख्यांनाच जागा मिळते. आपली संख्या त्याहून मोठी आणि विषम, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर ढकलली जाते. चौथीचं पोर जिथे चुकत नाही, तिथे यंत्र अडखळतं. या प्रकरणात याच एका संख्येची चौकशी करायची आहे: ती अशी का दिसते, तिच्या आत काय आहे आणि दहावा एक वाढवला की काय बिघडतं.

नाव आणि आकार

आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले, तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिली जाईल. सेकंदाला एक या गतीनं एकपासून इथवर मोजायला कुणी बसला, तर त्याला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. रोजच्या व्यवहारात आपण कोटीच्या पुढे गेलो की लाख कोटी म्हणून भागवतो. भास्कराचार्यांनी मात्र ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त अठरा स्थानांना अठरा नावं दिली आहेत. ती वापरली तर ही संख्या नीट वाचता येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग उतरत आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शतं, दोन दहं, एक एकं. सतरा स्थानं भरली. त्यानंतरचं अठरावं आणि शेवटचं नाव परार्ध. ते अजून शिल्लक आहे, एवढं लक्षात ठेवू.

‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटं वाचलं तरी तेच राहतं. ही संख्याही तशीच आहे. एकेका पायरीनं नवापर्यंत चढते आणि तितक्याच पायऱ्यांनी उतरते. रेल्वे स्टेशनवरच्या पादचारी पुलासारखी. ही उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही, कारण या संख्येचं नावच एका स्टेशनावरून पडलं आहे.

डोंबिवलीची संख्या

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँगलर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं आणि १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. पुढे पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. चार अंकी संख्यांच्या खेळात हमखास येऊन थांबणारी ६१७४ ही संख्या त्यांच्या नावानं जगभर ओळखली जाते. त्यांच्या वहीत मात्र त्याआधीपासून दुसरंच एक कुटुंब नांदत होतं. त्याचं नाव डेम्लो संख्या.

डेम्लो हे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. या संख्यांचा शोध घ्यावा, ही कल्पना कापरेकरांना तिथे सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनाचंच नाव संख्यांना दिलं. आज त्या स्टेशनात एखाद्याला गाडीत शिरण्यापलीकडे काही सुचेल का, हा वेगळा प्रश्न.

डेम्लो संख्या ओळखायची कशी? तिचे तीन तुकडे पाडायचे. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्याची बेरीज केली की एकच अंक पुन्हापुन्हा यायला हवा आणि मधल्या तुकड्यातही तोच अंक हवा. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, मध्ये ७७७. आता आपली संख्या तोडू: १२३४५६७८, मग ९, मग ८७६५४३२१. पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्याची बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये ९. एकांच्या वर्गातून निघणाऱ्या १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना कापरेकरांनी ‘अद्भुत डेम्लो’ म्हटलं आणि १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांच्यावर लिहिलं.

ही चढउतार आपल्याकडे त्याहून खूप जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सन ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात गळ्यातल्या माळेसारख्या दिसणाऱ्या गुणाकारांची उदाहरणं आहेत. त्यातल्या एकाचं उत्तर १२३४५६५४३२१ आहे, आणि एकापासून सहापर्यंत वाढत जाऊन क्रमानं घटणारी संख्या असं तिचं वर्णनही ग्रंथात आहे. उदाहरण २७९९४६८१ गुणिले ४४१ असं आहे, त्यामुळे गंमत चटकन दिसत नाही. ४४१ हा २१चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१चा. २१ आणि ५२९१ यांचा गुणाकार ११११११, म्हणजे सहा एक!

जिना का होतो

आता मूळ गुणाकाराकडे. नऊ एकांची ओळ नऊ वेळा लिहिली आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवली. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्या स्तंभात सगळ्या ओळी एकमेकींवर येतात, म्हणून तिथे नऊ. त्यापुढे उजवीकडच्या ओळी एकेक करून संपत जातात आणि आठ, सात, सहा असा उतार लागतो. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या स्तंभात किती ओळी आहेत त्याची मोजणी. दुसरं काही नाही.

यावरून एक गोष्ट फुकटात मिळते. कागदावर नऊ ओळींत नऊ नऊ, म्हणजे एकूण ८१ एक आहेत. हातचा कुठेच न घेतल्यामुळे त्यातला एकही हरवलेला नाही. म्हणून आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ असणारच.

कपड्यांच्या आत

आतापर्यंत पाहिलं ते या संख्येचं वरचं रूप. दहा अंकांनी लिहिण्याची आपली रीत आहे, म्हणून ते तसं दिसतं. संख्या सिद्धांताला त्याहून जास्त ओढ असते ती संख्येच्या हाडांची, म्हणजे तिच्या मूळ अवयवांची. मूळ अवयव लिपी बदलली, मोजण्याची रीत बदलली, तरी बदलत नाहीत.

आधी १११११११११ फोडू. नऊ एकांचे तीन तीनचे गट पाडले, तर १११ ही संख्या तीनदा शेजारी शेजारी दिसते. म्हणजे ती १११ आणि १००१००१ यांचा गुणाकार. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला तीननं भाग जातो आणि ३३३६६७ उरतात. म्हणून १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपली संख्या तिचा वर्ग, त्यामुळे प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा.

३३३६६७ आणखी फुटत नाही कशावरून? सरळ मार्ग म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. तशा १०६ आहेत. एक दुपार जाईल. पण पिएर द फर्मानं १६४० साली एका पत्रात लिहिलेला नियम हाताशी घेतला, तर चहा निवायच्या आत काम उरकतं.

नियम असा. एक मूळ संख्या घ्या, समजा ३७. तिनं १०, १००, १०००... यांना भागत जा आणि बाकी पाहा: १०, २६, १. तिसऱ्या पावलाला बाकी १ आली, आणि इथून पुढे हेच चक्र फिरणार. म्हणूनच १/३७ = ०.०२७०२७०२७... मध्ये तीन अंकांचं आवर्तन आहे. फर्मा सांगतो की या पावलांच्या संख्येनं ‘मूळ संख्या उणे एक’ला नेहमी पूर्ण भाग जातो. इथे ३६ला ३नं गेला. सातासाठी पावलं सहा, आणि ७ उणे १ म्हणजे ६. (२ आणि ५ यांना हा नियम लागू नाही, कारण त्यांनी दहाला पूर्ण भाग जातो.)

आता ३३३६६७ला भागणारी एखादी मूळ संख्या असेल, तर ती १११११११११ला भागेल आणि त्याच्या नऊपटीला, म्हणजे ९९९९९९९९९लाही. याचा अर्थ तिनं १००००००००० ला भागल्यावर बाकी १ राहील. दहाच्या नवव्या घातावर चक्र पुरं होईल. म्हणून तिची पावलं १, ३ किंवा ९ यांपैकीच असणार. पावलं १ असतील, तर ती ९ला भागते, म्हणजे ती ३ आहे. पावलं ३ असतील, तर ती ९९९ला भागते, म्हणजे ती ३७ आहे. ३३३६६७च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. तिचे ३३३ आणि ६६७ असे दोन तुकडे करून मिळवले तर १००० येतात. १०००ला ३७नं भागून बाकी १ उरते, म्हणून ३७ही बाद. उरली नऊ पावलांची शक्यता. मग फर्माप्रमाणे ‘मूळ संख्या उणे एक’ला ९नं भाग जायला हवा, आणि ती सम असल्यामुळे १८नंही. अशा मूळ संख्या ५७७ पर्यंत, ३७ सोडून, सोळाच आहेत: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७.

१०६ ऐवजी १६ भागाकार! १९नं भागलं की बाकी ८. ७३नं भागलं की बाकी ५७. उरलेले चौदा तुम्ही करा, कुठेच पूर्ण भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे. तिचा आणखी एक मान आहे. १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७... यात नऊ अंकांचं आवर्तन आहे, आणि नेमकं नऊ अंकांचं आवर्तन देणारी मूळ संख्या ही एकच. का, ते वरच्याच युक्तिवादात आलं आहे: तशी कोणतीही संख्या ९९९९९९९९९ला भागायला हवी, आणि तिथे ३, ३७ आणि ३३३६६७ यांच्याशिवाय कुणी राहत नाही.

पंचेचाळीस विभाजक

मूळ अवयव कळले की विभाजक मोजणं सोपं होतं. ३ किती वेळा घ्यायचा? शून्य ते चार, म्हणजे पाच पर्याय. ३७चे तीन आणि ३३३६६७चे तीन. ५ × ३ × ३ = ४५. एवढ्या प्रचंड संख्येला फक्त ४५ विभाजक, आणि तेही विषम. विषम येणं अटळ आहे. विभाजक नेहमी जोडीनं राहतात: एक लहान, एक मोठा, दोघांचा गुणाकार त्या संख्येइतका. वर्गसंख्येत मात्र एक विभाजक स्वतःचाच जोडीदार असतो. इथे २२ जोड्या आणि मधोमध एकटा १११११११११. म्हणजे अंकांसारखीच विभाजकांचीही रांग मधोमध दुमडता येते.

कापरेकरांनी आणखी एका जातीच्या संख्यांना नाव दिलं: हर्षद, म्हणजे आनंद देणारी. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो, ती हर्षद. आपल्या संख्येची बेरीज ८१, आणि तिच्या पोटात ३ चार वेळा, म्हणजे ८१ आहेतच. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९चा वर्ग आहे. डेम्लो संख्या हर्षदही निघाली. पण यावरून बेरीज ८१ म्हणजे ८१नं भाग जाणारच असा नियम करू नका. ३ आणि ९ यांची कसोटी त्यांच्यापाशीच संपते. १८९९ची बेरीज २७, पण तिला २७नं भागलं तर ९ बाकी राहते.

आठ कुठे गेला

वरच्या १२३४५६७९ मध्ये ८ नाही, हे लक्षात आलं का? तिला ९नं गुणलं की नऊ एक मिळतात. हाही गुणाकार महावीराचार्यांच्या माळांमध्ये आहे. आणि १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... इथेही आठ गायब. यावर कितीतरी गूढ गोष्टी रचल्या जातात. उत्तर मात्र दहाव्या पायरीवर आहे.

नवाऐवजी दहा एक घेऊन वर्ग करा. मधल्या स्तंभात आता दहा ओळी येतात. दहा एका घरात मावत नाहीत, म्हणून या सगळ्या खेळात पहिल्यांदाच हातचा घ्यावा लागतो. मधल्या घरात शून्य, हातचा एक. डावीकडच्या नवात तो मिळवला की पुन्हा दहा: शून्य, हातचा एक. तो आठात मिळवला की नऊ. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. उतरता जिना शाबूत, चढता मोडला. आठ हरवलेला नाही, हातच्यानं त्याचा नऊ झाला. १/८१ मध्येही हेच घडतं, कारण ती १/९चा, म्हणजे ०.१११...चा वर्ग आहे. आणि हे उत्तर एकोणीस अंकी असल्यामुळे भास्कराचार्यांच्या परार्धाच्याही पलीकडे जातं. हा मात्र निव्वळ योगायोग.

जिना नवाच्या पुढे मोडतो तो आपण दहाच्या पायावर मोजतो म्हणून. संगणकवाल्यांच्या सोळाच्या पायावर पंधरा एकांपर्यंत तो टिकेल. दोनाच्या पायावर पहिल्याच वळणावर कोसळेल: तिथे ११ म्हणजे आपले तीन, त्याचा वर्ग नऊ, आणि नऊ लिहायचे १००१. चढ नाही, उतार नाही.

मग हे गणित की करमणूक?

जी. एच. हार्डी या इंग्रज गणितज्ञानं १९४० साली ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अशा अंकखेळांना गणिताच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. ८७१२ आणि ९८०१ याच चार अंकी संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पूर्ण पटीत आहेत: २१७८ची चौपट आणि १०८९ची नऊपट. हार्डीच्या मते हे कोड्यांच्या सदराला शोभणारं आहे, गणितज्ञाला त्यात घेण्यासारखं काही नाही. कापरेकरांनाही आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी याच मापानं मोजलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जग त्यांच्याकडे वळलं.

हार्डीचा मुद्दा खोटा नाही. उलटसुलट सारखं दिसणं हा अंकांचा पोशाख आहे. पण आपण पोशाखापासून निघालो आणि फर्माच्या नियमापाशी पोचलो, हेही तितकंच खरं. याच वाटेनं आणखी एक पाऊल टाकू. नऊ एक फुटले, कारण नवाचे तीन समान गट पडतात. असे समान गट पाडता येत असतील, तर एकांची रांग फुटणारच. म्हणून ती मूळ असायची, तर एकांची मोजणीही मूळ हवी. तेवढं पुरत नाही: पाच एक म्हणजे ४१ × २७१ आणि सात एक म्हणजे २३९ × ४६४९. दोन एकांची ११ मूळ आहे. तिच्यानंतर थेट एकोणीस एकांची संख्या, मग तेवीस, मग ३१७, मग १०३१. अशा मूळ रांगा अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही.

पुलाच्या एका टोकाला चौथीतला गुणाकार आहे. दुसऱ्या टोकाच्या पायऱ्या कुठे उतरतात, ते अजून कुणाला दिसलेलं नाही.